ॲडलेडहून हॉकर आणि विल्पेना: तंबूत राहावं की गावात?

गोदाकाठ (नाशिक, इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. मुलगा नोकरीनिमित्त ॲडलेडला आहे, जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. त्याच्या डोक्यात हॉकर नावाच्या छोट्या गावाजवळ तंबू ठोकून फिरायचं आहे. मला ऑस्ट्रेलियाचा लाल मधला भाग बघायचा आहे, म्हणून मी म्हणतोय की तसंच पुढे उलुरूपर्यंत जाऊ. मी पासष्टीचा. अंजनेरी, हरिहर अजून करतो, पण सौ.चे गुडघे दुखतात. एका छोट्या गावाभोवती बघण्यासारखं खरंच एवढं आहे का? तंबूत थंडी झेपेल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावं.

सिन्नरची_भूगोलवाली

दादा, मुलाचं ऐका. उलुरू या खेपेला सोडा. ॲडलेडहून ते गाडीने जवळपास 1,600 किलोमीटर आहे, सगळा वेळ डांबर बघण्यात जाईल. हॉकर सुमारे 400 किलोमीटरवर, तिथून विल्पेना, म्हणजे फ्लिंडर्स डोंगररांगेतल्या राष्ट्रीय उद्यानातला तळ, आणखी 55. त्या एवढ्याशा टापूत जे आहे ते मी आयुष्यभर वर्गात शिकवलं होतं, पण हाताने शिवले ते तिथेच. माझी लेक ॲडलेडला असते, तिच्याबरोबर राहून आले आहे.

आपण बेसाल्टची माणसं. ब्रह्मगिरी घ्या, अंजनेरी घ्या, सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. फ्लिंडर्सच्या डोंगरात लाव्हाचा काळा कातळ शोधू नका. तिथे समुद्रतळाशी बसलेला गाळ आहे, दगड झालेला, वाकलेला, उभा राहिलेला, आणि वय साठ-सत्तर कोटी वर्षांच्या घरात. ब्राचिना घळीतून सुमारे 20 किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो, जागोजागी माहितीच्या पाट्या आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलात तर जुन्याकडून नव्याकडे जाता. उलटं जाऊ नका, गोष्ट शेवटाकडून वाचल्यासारखं होतं. याच घळीत एनोरामा नावाच्या ओढ्याकाठी खडकात एक पितळी खूण बसवली आहे. इथे एडिएकरन कालखंड सुरू होतो, 63 कोटी 50 लाख वर्षांपूर्वी, असं जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी 2004 साली ठरवलं. डोळ्यांना दिसणारे, मोठ्या आकाराचे सर्वांत जुने प्राणी या काळातले. 1946 साली रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला जवळच्याच एडिएकरा टेकड्यांत त्यांचे ठसे सापडले, म्हणून कालखंडाला ते नाव. मी त्या खुणेपाशी बसून राहिले होते, लेक हाका मारत होती तरी उठवेना.

विल्पेना पाउंड वरून फोटोत लोणारसारखं दिसतं, पण ते विवर नाही आणि ज्वालामुखीचं तोंडही नाही. थर खोलगट वाकले, मऊ भाग झिजला, क्वार्टझाइट या कठीण खडकाची कड तेवढी उभी राहिली. आत एक सपाट, झाडीचा खोलगा. आत शिरायची वाट ओढ्याकाठाने सावलीतून जाते, जवळजवळ सपाट आहे, वहिनींना जमेल. वाटेत हिल कुटुंबाचं जुनं घर लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पाउंडच्या आत गहू पिकवला होता. 1914 च्या पुरात त्यांनी मेहनतीने केलेला रस्ता वाहून गेला आणि त्यांनी जागा सोडली. आम्ही सिन्नरचे लोक, असं घर बघून पाय पुढे निघत नाहीत.

पावसाचीच गोष्ट पूर्ण करते, कारण ती कळली की हा सगळा मुलूख कळतो. 1865 साली जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने दुष्काळात घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेघ काढली. तिच्या उत्तरेला धान्य पेरू नका, पाऊस भरवशाचा नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे काही वर्षं चांगला पाऊस झाला, लोक रेघ ओलांडून गेले, गावं वसली. मग पुन्हा दुष्काळ आला. हॉकर त्या रेघेच्या पलीकडचं, 1880 चं गाव. दक्षिणेकडच्या क्वॉर्न गावाहून हॉकरला येताना दोन्ही बाजूंना छप्पर गेलेली दगडी घरं दिसतील. इगतपुरीहून येवल्याकडे जाताना पाऊस कसा आटत जातो हे ज्याने पाहिलंय त्याला त्या भिंती बघून काही समजावून सांगावं लागत नाही. कन्याकाचे अवशेष त्याच वाटेवर आहेत, तिथे नक्की थांबा. तो गुरं-मेंढ्या पाळण्याचा मोठा तळ ह्यू प्रोबी या तरुणाने सुरू केला आणि 1852 साली प्रोबी स्वतःच विलोक्रा ओढ्याच्या अचानक आलेल्या पुरात बुडून गेला. कोरडा ओढा दिसला म्हणून पात्रात तंबू लावू नका, हे मी यासाठीच सांगतेय. मोठ्या रेड गम झाडांखालीही नको, वारा नसतानाही फांद्या तुटून पडतात.

आता शिखर. सेंट मेरी पीक 1,171 मीटर, साल्हेरपेक्षा कमीच, तुम्हाला सहज जमेल. तरी माथ्यावर जाऊ नका. अद्न्यामथन्हा हे तिथले मूळ लोक. पाउंडच्या भिंती म्हणजे दोन अकुरा नागांची शरीरं आणि हे शिखर त्यातल्या एकाचं डोकं, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि वर चढू नये अशी त्यांची विनंती आहे. टँडेरा खिंडीपर्यंत जाऊन परत या, दृश्य तिथूनही भरपूर आहे. त्यांची चित्रं बघायची तर आर्कारू रॉक करा, साधारण 3 किलोमीटरची फेरी, गेरू आणि कोळशाने रंगवलेला कातळ. थोडा चढ आहे, वहिनींनी काठी घ्यावी.

अंजनेरी

ताईंनी सगळं लिहिलंच आहे, फक्त व्यवहाराचं सांगतो. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सोपं. तुम्हीही चालवणार असाल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आधी लेखी विचारा, बऱ्याचदा नसतो. पाऊस पडला की घळीचे रस्ते बंद करतात. जुलैत साडेपाचच्या सुमारास अंधारायला लागतं आणि तीच कांगारू, एमू रस्त्यावर यायची वेळ, त्याआधी तळावर पोचा. विमानतळावर चिवडा, मसाले, लोणचं जे असेल ते फॉर्मवर जाहीर करा, लपवलं तर मोठा दंड. खरं तर ॲडलेडला भारतीय दुकानं आहेत, साबुदाणासुद्धा मिळतो.

गोदाकाठ

ताई, खूप आभार. उलुरू रद्द, मुलगा खूश आहे. आषाढी जुलैतच येतेय, साबुदाण्याचं सौ.ला सांगितलं. आता फक्त थंडीचं सांगा. आणि शेकोटी चालते का?

सिन्नरची_भूगोलवाली

दिवसा छान ऊन, पंधरा-सोळा अंशांच्या आसपास. रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. नाशिकची डिसेंबरातली थंडी तुम्हाला माहीत आहे, पण तिथे अंगाखाली जमीन गार असते. पातळ चटईवर भागत नाही, जाड गादी घ्या, कानटोपी घ्या. शेकोटी जुलैत चालते, ठरवून दिलेल्या जागीच, पण उद्यानातली काटकीसुद्धा उचलायची नाही, लाकूड बाहेरून विकत न्यायचं. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी बरी.

वहिनींसाठी असं करा: एक-दोन रात्री तंबू, बाकी हॉकरला खोली. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तळाचं आरक्षण आत्ताच ऑनलाइन करून टाका.

पण अमावस्येच्या आसपासची एक तरी रात्र तंबूतलीच ठेवा. आपल्याकडून त्रिशंकू (सदर्न क्रॉस हा तारकासमूह) एप्रिल-मेमध्ये क्षितिजाला टेकलेला जेमतेम दिसतो, तिथे जुलैत संध्याकाळी दक्षिणेला उंचावर असतो. नऊ-दहाला वृश्चिक थेट डोक्यावर येतो. आणि पहाटे पाचला उठलात तर आग्नेयेला अगस्ती. रामाला पंचवटीत राहा म्हणून सांगितलं त्या ऋषींचा तारा, नाशिककराने तो तिथून बघायलाच हवा. लाल कागद लावलेली विजेरी न्या, पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात.