मदत हवी आहे: पेशी मेल्या नाहीत तरी ल्युपस, मेलेल्या पडून राहिल्या तरी ल्युपस?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारसाठी ल्युपस (रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि अपॉप्टोसिस, म्हणजे पेशींचा नियोजित मृत्यू, हा विषय घेतलाय आणि एका जागी अडकलोय.

एकीकडे फास जनुक. शरीरावरच उलटणाऱ्या लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पांढऱ्या) पेशींना मरणाचा निरोप फास रिसेप्टरमार्फत जातो. एलपीआर नावाच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत हे जनुक बिघडलेलं असतं, हे १९९२ मध्ये कळलं. या उंदरांना ल्युपससारखा आजार होतो. इथवर ठीक.

दुसरीकडे सी१क्यू. हे प्रथिन मृत पेशी उचलायला मॅक्रोफेजना (कचरा गिळणाऱ्या पेशींना) मदत करतं. ते जन्मतःच नसलेल्या बहुतेकांना ल्युपस होतो. पेशी वेळेत उचलल्या नाहीत की फुटतात, आतला डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं उघडी पडतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनतात. ल्युपसमध्ये उन्हाने त्वचेवरचे चट्टे का वाढतात तेही यातून थोडं उलगडतं, कारण अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. (मला हीच बाजू जास्त पटते, पण सरांना दोन्ही हव्यात.)

घोळ पुढे आहे. माणसात फास बिघडला की एएलपीएस (ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम) होतो: लसिका गाठी सुजतात, प्लीहा वाढते, स्वतःच्याच तांबड्या पेशी आणि प्लेटलेट नष्ट होतात. खरा ल्युपस मात्र क्वचितच. असं का? फासचा तोच बिघाड असला तरी एमआरएल वंशाच्या उंदरांत आजार जबर, बी६ वंशात सौम्य, म्हणजे बाकीची जनुकंही लागतात हे समजलं. पण एवढ्या उत्तरावर परीक्षक थांबतील का?

इम्युनॉलॉजीत काम करणारं कुणी असेल तर दोन्ही बाजू एकाच आकृतीत कशा बसवाव्यात तेवढं सांगा. एखादा सोपा रिव्ह्यू पेपर सुचवलात तरी चालेल.