पाऊस गेला हे तुम्हाला कशावरून कळतं?

नोकरीत होते तोवर माझा शरद ऋतू म्हणजे सहामाहीचे पेपर. कोजागिरीचं चांदणंसुद्धा मी गठ्ठ्यावरून मान वर करूनच पाहिलेलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं यांच्या गावी, वाई तालुक्यात, राहायला आलो त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी मान्सून परतल्याची बातमी कधी येते याची मी वाट बघत बसले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, विहिरीत डोकावा की." बघितलं तर अडीच महिने चहासारखं दिसणारं पाणी निवळलं होतं आणि पाण्याखालच्या दोन पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या.

तेव्हापासून भेटेल त्याला विचारते. नोकरी संपवून गावी राहायला गेलेल्यांनी जरूर लिहा: पाऊस गेला हे तुम्हाला कशावरून कळतं आणि तिथून दिवाळीपर्यंत तुमच्या दिवसात काय बदलतं?

संगमेश्वर तालुका

मी एसटीत वाहक होतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात उत्साहाच्या भरात फसलो. चार दिवस ऊन पडलं. पडवीची झापं सोडली, अंगण खणलं, माती सारखी केली, पाणी मारून चोपण्याने दोन दिवस चोपलं. सौ.ने शेणाने सारवलं. आरशासारखं अंगण! तिसऱ्या दिवशी दुपारी काळं करून आलं, गडगडाट झाला आणि तासाभरात सगळं अंगण वहाळाला. चुलतभाऊ गडग्यापलीकडून बघत होता. म्हणाला, "तेरडा अजून हिरवा आहे, तुला घाई कसली?" म्हणजे याला आधीच ठाऊक होतं आणि मला दोन दिवस चोपू दिलं!

आता मी बांधावरच्या तेरड्याकडे लक्ष ठेवतो. फुलं गळून झाड मान टाकून वाळायला लागलं की मगच कुदळ उचलतो. तोवर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला येतंच, खळं लागणारच असतं. गरवं मागाहून, दिवाळीच्या आगेमागे.

आणि नवान्न पौर्णिमेचं सांगायलाच हवं. आश्विन पौर्णिमेला शहरात आम्ही फक्त दूध आटवायचो. इथे त्या दिवशी 'नवं' बांधतात: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचा तुरा, झेंडू, सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून. देवाला, दाराला, नांगराला. मी पंपाच्या स्विचलाही बांधतो. पुढच्या वर्षीचं नवं येईपर्यंत जुनं काढत नाही. वायरमन दर वेळी विचारतो, हे काय.

औसा, जि. लातूर

तुमचं सगळं वाचायला छान वाटलं, पण आमच्याकडे पाऊस गेला असं कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हटलं की येतो. सोयाबीन काढून बनीम, म्हणजे गंजी लावलेली असते, मळणीयंत्राचा नंबर लागलेला नसतो आणि रात्री दोनला पत्र्यावर पहिला थेंब वाजतो. वय ६६, हातात बॅटरी, डोक्यावर पोतं, ताडपत्रीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बायकोकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा पात्राबाहेर आली तेव्हा ताडपत्रीचाही उपयोग नव्हता. उभ्या शेंगांना मोड आलेले या डोळ्यांनी पाहिले. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ती चार एकर. पेन्शन आहे म्हणून आम्ही तरलो. शेजाऱ्याला ती नाही, एवढंच सांगतो.

पाणी ओसरून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आली की ज्वारीची पेरणी. तेव्हा मात्र मातीचा वास येतो आणि माणूस पुन्हा फसतो.

भोर

करडा धोबी पक्षी. एवढंच उत्तर. हिमालयाकडून येतो, ओढ्यातल्या दगडावर उभा राहतो, शेपटी वरखाली करतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी दर वर्षी पहिला दिसला त्या तारखेला गोल करतो. आमच्या घरात त्या दिवशी छत्र्या माळ्यावर जातात. (बायको एक छत्री खाली ठेवते आणि दर वर्षी तिचंच बरोबर ठरतं.)

लांजा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते. 'वैद्यानां शारदी माता' असं म्हणतात, म्हणजे शरद ऋतू वैद्यांची आई. आम्हा सिस्टर लोकांची सावत्र! दुपारी घामाच्या धारा, पहाटे गोधडी. पित्त, ताप, डोकेदुखी. आता निवृत्त आहे तरी लोक आधी माझ्या ओटीवर येतात.

पाऊस गेला हे मला फुरशावरून, त्या विषारी सापावरून कळतं. भातकापणीत, गवत काढताना, हात घालू तिथे ते असतं. मातीच्याच रंगाचं, वीतभर-दीडवीत. मी दर वर्षी घरोघर सांगते: कापायला जाताना बूट घाला, पेंडी उचलण्याआधी काठीने हलवा, चावलंच तर वर घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, गाडी काढा आणि थेट दवाखाना गाठा. विषावरचं इंजेक्शन तिथेच मिळतं. गेल्या वर्षी एका घरात तासभर मंत्र चालू होता. मी जाऊन सगळ्यांसमोर ओरडले. मुलगा वाचला. आता त्या घरची आजी मला नव्या तांदळाचे पोहे पाठवते, बोलत मात्र नाही.

दारव्हा, यवतमाळ

कापसाचं पहिलं बोंड फुटलं की. पहिल्या वेच्याआधी आमच्याकडे सीतादहीची पूजा करतात. आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींचा भुलाबाईचा सण. मी मास्तर होतो, पण मुली गाणी झाल्यावर डबा वाजवून खाऊ ओळखायला सांगतात तेव्हा मी सपशेल नापास. दर वेळी शेंगदाण्याचे लाडू म्हणतो.

कागल

माझं उत्तर कागदोपत्री आहे. नोव्हेंबर आला, हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे पाऊस गेला.

मी भुईमूग उशिरा लावतो, त्यामुळे ऑक्टोबरअखेर वेल उपटायचे आणि आठ दिवस बसून शेंगा तोडायच्या. बोटं काळी, कातडी खरवडलेली. त्याच हाताने गेलो अंगठा लावायला. यंत्र घेईना. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही झाली. टेबलामागची मुलगी चांगली होती, ओला रुमाल दिला, तेल लावून बघितलं. शेवटी म्हणाली, "आजोबा, आठवडाभर शेंगांना हात लावू नका, मग या." मागे रांगेत माझ्यासारखेच तिघं, काळी बोटं घेऊन उभे.

नातवाने घरी मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. डोळे मिटा, उघडा, झालं. यंदापासून भुईमूग लवकर लावायचा ठरवलंय. जूनमध्ये पाऊस ऐकेल तर.