मदत हवी आहे : मण्यांच्या माळांचा भाव कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आमच्या बचत गटात 9 बायका आहेत, सगळ्या भिल्ल. सुई-दोऱ्याने बारीक मणी गुंफून गळ्यातल्या पट्ट्या नि माळा करतात. नक्षी कागदावर नसते, आजीकडून पोरीकडे हातानेच आलेली. भोंगऱ्या बाजार (होळीआधी भरणारा आदिवासींचा बाजार) आणि होळीच्या दिवसांत माल हातोहात जातो. नंतर वर्षभर शांत.

अडचण भावाची. रुंद पट्टीला शेतीचं काम सांभाळून चार दिवस जातात. व्यापारी 200 रुपये टेकवतो, त्यातले 70 मण्या-दोऱ्यातच गेलेले. म्हणजे दिवसाला साडेबत्तीस रुपये! हे मांडल्यावर एक काकू म्हणाल्या, "यापेक्षा मजुरीला गेलेलं बरं." काय उत्तर देणार?

दुसरं, मणी. स्वस्त रंगवलेल्या मण्यांचा रंग घामाने उतरतो, शिवाय आकार एकसारखा नसल्याने पट्टी वाकडी होते. 11 नंबरचे, म्हणजे साधारण 2 मिलिमीटरचे, रंग काचेतच मुरलेले मणी किलोवर कुठे मिळतील? उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरहून कुणी थेट मागवलेत का? कमीत कमी किती घ्यावे लागतात?

ट्रायफेडच्या (आदिवासींचा माल विकणारी केंद्र सरकारची संस्था) 'ट्राइब्ज इंडिया' दुकानांना माल दिलेलं कुणी असेल तर पैसे हातात यायला किती दिवस लागले तेही सांगा. उधारीवर थांबण्याइतकी गटाची ऐपत नाही. हस्तकला कारागिराचं 'पहचान' कार्ड आधी काढावं का?

"ऑनलाइन विका" एवढंच कृपया नको, डोंगरात रेंज मिळाली तर फोटो जातो.