आधीपासून भरलेली अ‍ॅप्स काढल्याने फोन सुधारतो का? माझं उत्तर: हो

सिन्नरकर: आईचा फोन ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेजचा. कुणाचा कॉल आहे ते दिसेपर्यंत रिंग थांबायची आणि दुपारी चारला चार्जर लावावा लागायचा. दिवाळीत लॅपटॉपला जोडून एडीबीने (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) १९ अ‍ॅप्स काढली: गेमचं दुकान, कंपनीचा ब्राउझर, लॉक स्क्रीनवर जाहिराती दाखवणारं एक. आता फोन रात्री नऊपर्यंत टिकतो, कॉलही लगेच दिसतो. नवा फोन घेतला की पहिलं काम हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

कराडचा रिपेअरवाला: पटत नाही. एडीबीने अ‍ॅप त्या वापरकर्त्यापुरतं जातं, मूळ फाइल सिस्टिममध्ये तशीच राहते. फॅक्टरी रीसेट मारा, सगळी परत हजर. जागा सुटते ती फक्त अपडेट आणि डेटाची. शिवाय अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे, म्हणजे फोन नुसता पडून असताना अ‍ॅप्सचं मागे चालणारं काम रोखणारी सोय, ९ पासून कमी वापरातल्या अ‍ॅप्सना सिस्टिमच लगाम घालते. न उघडलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा नुसतं पडून असतं. दुकानात येणाऱ्या फोनची बॅटरी स्क्रीन आणि कमकुवत रेंज खाते. डोंगराकडच्या गावातला फोन दिवसभर टॉवर शोधत राहतो, त्याला अ‍ॅप काढून काय होणार?

सिन्नरकर: पडून असती तर तक्रारच नव्हती. कंपनीने घातलेल्या काही अ‍ॅप्सना बॅटरीच्या निर्बंधांतून सूट दिलेली असते. दर तासाला नोटिफिकेशन येतं, स्क्रीन उजळते. आणि ३ जीबीत ही मंडळी ठाण मांडून बसली की सिस्टिम बाकीची अ‍ॅप्स बंद करते, मग प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून उघडतात.

मीनल_ठाणे: सरसकट सल्ला देऊ नका, कळकळीने सांगते. माझ्या भावाने यादी बघून ‘फोन शोधा’ छापाचं पॅकेज उडवलं. रीस्टार्ट केल्यावर फोन लोगोवरच अडकला. शेवटी रीसेट, आणि बाळाच्या बारशाचे फोटो गेले.

वकीलसाहेब: वेग राहू द्या, आपल्या पैशाच्या फोनवर हक्क कुणाचा? ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यात आधीपासूनची गुगल अ‍ॅप्स काढू द्या असाही आदेश होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा आदेश रद्द केला. मला ते आजही खटकतं.

कराडचा रिपेअरवाला: मुद्दा रास्त, पण वेगळा. सिन्नरकर, त्या दिवशी फोनमध्ये आणखी काय केलंत?

सिन्नरकर: व्हॉट्सअ‍ॅपचे ९ जीबी व्हिडिओ उडवले.

कराडचा रिपेअरवाला: मग वेग तिथूनच आला! ३२ जीबीचा फोन काठोकाठ भरला की रखडतोच.

सिन्नरकर: वेगाचं मान्य करतो, निम्मं श्रेय त्याला. पण व्हिडिओ पुसून बॅटरी पाच तास वाढत नाही. काढण्याआधी बॅटरीच्या यादीत लॉक स्क्रीनवालं अ‍ॅप ११ टक्के दाखवत होतं, स्क्रीनशॉट आहे.

कराडचा रिपेअरवाला: ११ टक्के जास्तच आहे, कबूल. पण मग ते एकच सेटिंग्जमधून डिसेबल करायचं, बाकीच्या अठरांना हात कशाला लावायचा?

सिन्नरकर: तेच आधी करून पाहिलं. डिसेबलचं बटण करडं होतं, दाबलंच जात नव्हतं. म्हणून तर लॅपटॉप काढला.