आईच्या दहाव्याला बसलो नाही, म्हणून मी तिचा मुलगा राहिलो नाही का?

कोरेगावकर

परवा तालुक्याच्या ग्रुपवर एकानं लिहिलं: "देव मानायचा नसेल तर नका मानू, पण आईबापाच्या दहाव्याला तरी तत्त्वं बाजूला ठेवा. जत्रेचं मटण खाताना नाही आठवत तुमची तत्त्वं. अशांच्या मातीला उद्या चार माणसं तरी येतील का?" खाली ऐंशी जणांचे अंगठे. नाव घेतलं नव्हतं, पण रोख माझ्यावरच होता. म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आई साडेतीन वर्षं अंथरुणात होती. उजवी बाजू लुळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून बघायचं, रात्री-अपरात्री कपडे बदलायचे, हे मी आणि बायकोनं केलं. त्या ऐंशी जणांतला एकही साडेतीन वर्षांत आमचा उंबरा चढला नाही. अग्नी मी दिला. सावडायला मी होतो. दहाव्याला माहुलीच्या घाटावर मात्र मी केस काढले नाहीत आणि पिंडाला बसलो नाही. धाकटा बसला. कावळा शिवेना. पाऊण तास गेला. भावकीतले एक तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "थोरल्याला म्हणावं हात जोड, त्याच्यातच जीव अडकलाय तिचा." मी हात जोडले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. त्या दिवसापासून मी गावात आईला अडकवून ठेवणारा मुलगा.

मी पुस्तकं वाचून नास्तिक झालो नाही. जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, मांढरदेव. मी अकरावीत होतो. शेजारची काकू दरवर्षी जायची, त्या वर्षी गेली ती आलीच नाही. जवळजवळ तीनशे माणसं मेली त्या डोंगरावर. गल्लीत बायका म्हणाल्या, देवीचं काहीतरी करायचं राहिलं असणार. काकूचं काय करायचं राहिलं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तरी मी कुणाची पूजा थांबवलेली नाही. पौषात आईला पालच्या खंडोबाला मीच न्यायचो, लुळी पडल्यावरही एकदा तारळीच्या काठानं पाठीवर घेऊन गेलोय. बायकोच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारची पाच फळं मी आणतो. मी यांच्या श्रद्धेशेजारी रोज राहतो. माझ्या अश्रद्धेशेजारी यांना पाऊण तास उभं राहता येऊ नये?

तासगावकर

मांढरदेवचं देवीवर ढकलू नका. अरुंद पायऱ्या, नारळाच्या पाण्यानं झालेली निसरड, दोन्ही बाजूंना दुकानं आणि कसलंही नियोजन नाही. चौकशी आयोग नेमला तो माणसांच्या चुका शोधायला. एसटी दरीत गेली तर आपण ड्रायव्हरला, रस्त्याला विचारतो. काकू गेल्या त्याचं वाईट वाटतं, पण त्यांच्या मरणावरून देव आहे की नाही ते ठरत नाही.

आणि पिंड तुमच्यासाठी नसतो, आईसाठी असतो. एवढं लिहिलंत, पण आईची इच्छा काय होती ते एका ओळीनंही लिहिलं नाही. का?

मिरज जंक्शन

कोरेगावकर, तुमचं चुकलं ते दहाव्याला नाही, पालला चुकलं. आधी पाठीवर घेऊन जत्रेला जायचं आणि मग एक दिवस हात जोडायला नकार द्यायचा, तर लोकांना वाटणारच की हा घटकाभराचा हट्ट आहे. पहिल्यापासून ठाम राहायला हवं होतं.

आणि "नास्तिकांनी गप्प बसावं" हे आपल्याकडं तरी कुणी सांगू नये. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन आठवतं. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टरकी मिरजेत शिकले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, आणि खालच्या कोर्टाचा निकाल यायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. गप्प बसवण्याची सुरुवात दहाव्याच्या टोमण्यांपासूनच होते.

तासगावकर

दाभोलकरांचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. त्यांच्या समितीचा झगडा अंधश्रद्धेशी आणि शोषणाशी होता, लोकांचा देव काढून घ्या असं त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर जो कायदा झाला त्यात यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. त्यांना मारलं ते पापच. पण आईला पाठीवर घेऊन पालला नेणाऱ्या मुलाला तुम्ही चूक म्हणताय, हे काही दाभोलकरांचं शिकवणं नव्हे.

येरळाकाठ

दहाव्याचं तुमचं तुम्ही बघा. मटणाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मी अकरा वर्षं जत्रा कमिटीत हाय. घरटी दोन हजार पट्टी. दोन घरं "आम्ही देव मानत न्हाई" म्हणून देत न्हाईत, आणि जत्रेदिवशी त्यांच्याच दारात पाव्हण्यांच्या चौदा मोटारसायकली. बोकड कापताना देव लागत न्हाई, पट्टी देताना बरा आडवा येतो.

मिरज जंक्शन

असल्या घरांतलं एक माझं आहे. बोकड माझ्या पैशाचा, पाहुणे माझे, कमिटीचं त्यात काय गेलं? गेल्या वर्षी आमच्या गावात पट्टीतून डीजे आला. माझे वडील हृदयाचे पेशंट, रात्री खिडक्या थरथरत होत्या आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. शाळेचा एक वर्ग तीन पावसाळे गळतोय. मी शाळेला पाच हजार दिले, पावती आहे. डीजेला एक रुपया देणार नाही.

येरळाकाठ

आमच्यात डीजे न्हाई. पट्टीतनं छबिना, लाइट, पाण्याचे टँकर आणि कुस्त्यांचं मैदान. माझ्या पोराला पहिला फेटा त्याच मैदानात बांधला, शंभर रुपयांची कुस्ती हुती. कुस्ती देवाची न्हाई, गावाची हाय. पट्टी बी गावाची. ज्याला गाव नको त्यानं मग गावाच्या नळाचं पाणी बी...

मिरज जंक्शन

वाक्य पूर्ण करा. नळ तोडणार? सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे महाराष्ट्रात. असल्या एका वाक्यावर गुन्हा होऊ शकतो.

येरळाकाठ

कायद्याची भीती कुणाला घालताय? उसाला पाणी न्हाई म्हणून आम्ही रात्री-अपरात्री मोटारी चालू करायला जाणारी माणसं. रागात लिहिलं. नळाचं मागं घेतो. पट्टीचं न्हाई.

वाईचा, सध्या पुण्यात

मी देव मानत नाही आणि पट्टी दरवर्षी पाठवतो. गावी आईवडील दोघंच असतात. रात्री बापाला दम लागला तर पहिली गाडी कमिटीतल्या पोरांचीच येते, माझी यायला तीन तास लागतात. दोन हजार मी देवाला देत नाही, त्या पोरांना देतो.

खटावची लेक

पट्टी, बोकड, कुस्ती. धागा कशाचा होता आठवतंय का कुणाला?

मी देव मानते, रोज दिवा लावते. नवरा गेला तेव्हा बांगड्या फोडायला पुढं आलेल्या बाईचा हात मी धरला. हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला २०२२ ला, माझं त्याच्या आधीचं. पाठीशी ठराव नव्हता, माझी सासू होती फक्त. फुल्यांचं मूळ गाव कटगुण माझ्या माहेराजवळच. जोतीराव फुले नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे सृष्टी घडवणारा मानायचे, आणि तरी त्यांच्या सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्नं लावली. देव ठेवून विधी सोडता येतो. तुम्ही सगळे दोन्ही एकाच दाव्याला बांधून ओढताय.

कोरेगावकर, तुम्हाला एक विचारते. भावकीच्या सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, हळदीकुंकवाला तुमच्या घरातून कोण जातं? बायकोच ना? घराची हजेरी तिनं लावायची आणि तत्त्व तुमचं. फळं आणून देता ते चांगलं आहे. पण दहाव्यानंतर बायकांत तिला काय ऐकावं लागलं, हे कधी विचारलंत?

कोरेगावकर

नव्हतं विचारलं. काल रात्री विचारलं. तेराव्याला तिनं नैवेद्याच्या ताटाला हात लावला तर एकीनं ताट काढून घेतलं, "राहू दे, तुझ्या घरात चालत न्हाई ना हे" म्हणाली. ज्या बाईनं साडेतीन वर्षं आईला भरवलं तिच्या हातातून. हे तिनं मला इतके महिने सांगितलं नव्हतं, कारण मी भांडायला गेलो असतो.

तासगावकर, तुमचा प्रश्न मी दोन दिवस टाळला. आईचं बोलणं तुटक झालं होतं. आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री तिनं डावा हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, "केस देशील न्हवं?" मी म्हणालो, "झोप आता." नाही म्हणालो असतो तर ती रडली असती, भांडली असती, धाकट्याला सांग म्हणाली असती. तिला काहीतरी बोलता आलं असतं. मी तिला तेवढंही बोलू दिलं नाही. पिंडाला बसलो नाही त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री "झोप" म्हणालो, ते चुकलं.

तासगावकर

केस दोन महिन्यांत परत आले असते. मला अजूनही असंच वाटतं आणि मी ते मागं घेणार नाही. पण वडील अंथरुणात होते तेव्हा आम्ही बाई ठेवली होती. कूस मी एकदाही बदलली नाही, दहाव्याला मात्र सगळ्यात पुढं बसलो होतो. पहिल्या उत्तरात जो सूर लावला तो लावायला नको होता.

येरळाकाठ

मिरज जंक्शन, ती शाळेची पावती टाका हिथं. आमच्या कमिटीपुढं ठेवतो. शाळेला दिलेलं निम्म्या पट्टीत धरा म्हणून सांगून बघतो आमच्या त्या दोन घरांसाठी. ऐकतील का म्हाईत न्हाई.

मिरज जंक्शन

पावती टाकतो. निम्मी पट्टी तरीही मी दिली नसती.