खुनी आधीच कळला, तर थरारपटात उरते काय?

(वाचकांचा वाद; प्रत्येकाच्या मतापुढे त्याचे ठिकाण)

शहापूर, बेळगाव : शेवटच्या पाच मिनिटांत धक्का बसला नाही, तर तो मानसशास्त्रीय थरारपट नव्हेच. खुनी आधी कळला की तिकिटाचे पैसे पाण्यात.

खानापूर : हे वाचून राहवले नाही. मल्याळम 'दृश्यम' (2013) मी कन्नड अवतारात, म्हणजे 2014 च्या 'दृश्य'मध्ये पाहिला. खून आपल्या डोळ्यांदेखत घडतो, तरीही नायकाची धाकटी मुलगी चौकशीत तोंड उघडेल की काय, या एकाच धास्तीने जीव टांगणीला लागतो. हिचकॉक यांच्या 'सायको'मध्ये (1960) मोटेल चालवणारा नॉर्मन मृतदेहासह मोटार दलदलीत ढकलतो, ती बुडता बुडता मध्येच थांबते आणि ती बुडावी असे क्षणभर आपल्यालाच वाटून जाते. प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेणे, हीच खरी पकड.

शहापूर : साहेब, सोयीचे तेवढेच सांगता. नॉर्मनच्या आईचे रहस्य शेवटीच उलगडते, आणि 'दृश्यम'मधला मृतदेह नेमका कुठे आहे हेही शेवटासाठीच राखून ठेवले आहे.

निपाणी : खरा रोग पार्श्वसंगीताचा आहे. मागे आईला घेऊन एक थरारपट पाहायला गेले होते. दार उघडले तरी ढोल, फोन वाजला तरी ढोल. मध्यंतरालाच आई घरी चल म्हणाली.

टिळकवाडी : ताई, सरसकट विधान करू नका. 'सायको'मधील न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीताविनाच हवा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी निव्वळ तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकवल्यावर त्यांनी मत बदलले.

निपाणी : मग माझेच म्हणणे सिद्ध झाले! त्या तुकड्याआधी केवळ पाण्याचा आवाज आहे, म्हणून तो अंगावर येतो. आजचे दिग्दर्शक शांततेला घाबरतात.

टिळकवाडी : आजच्या दिग्दर्शकांबद्दल मान्य. हर्मन यांना त्यांच्या रांगेत बसवू नका, एवढेच.

खानापूर : संगीत पुरे. माझे काका हिंडलगा कारागृहात पहारेकरी होते. ते सांगत की खुनाची शिक्षा भोगणारा एक कैदी रोज त्यांच्या मुलांची विचारपूस करी, आणि त्या आपुलकीचीच त्यांना धास्ती वाटे. 'सायको'तला नॉर्मनही पुढे न्हाणीघरात मारल्या जाणाऱ्या पाहुणीसाठी दूध आणि सँडविच घेऊन येतो. अशा माणसाच्या मनात शिरण्याऐवजी आपण नुसते नाव ओळखत बसायचे काय?

शहापूर : निव्वळ धक्क्यावर चित्रपट तरत नाही, एवढे मान्य करतो. परंतु दुधाचा तो पेला दुसऱ्यांदा पाहताना अंगावर काटा येतो तो शेवट ठाऊक असल्यामुळेच, आणि हे तुम्हीही नाकारू शकणार नाही.