धागा : मुलांच्या खेळातले स्वयंसेवक, कसे पारखलेत आणि कसे टिकवलेत?

फक्कीवाला
काल लेकीच्या खो-खोच्या ग्रुपवर मेसेज आला, मे महिन्याच्या शिबिराला मदतनीस हवेत. खाली एका आईने साधं विचारलं, यांची काही पडताळणी करणार का? झालं! दोघं-तिघं तुटून पडले, "सगळी आपलीच माणसं आहेत, संशय कसला घेता?"

त्यावरून आमचं जुनं मैदान आठवलं. तिथे माणूस पारखायची एकच रीत. पहाटे ये आणि फक्की मार, म्हणजे पांढऱ्या भुकटीने मैदानाच्या रेघा आख. पोराला संघात घुसवायला आलेले बाप आठवड्याभरात गळायचे. एक काका मात्र टिकले. दोरी ताणून, ओणवे होऊन मधल्या पाटीची रेघ अशी मारायचे की बाहेरगावचे पंच विचारायचे, आखलंय कोणी? काकांना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्पर्धेच्या दिवशी त्यांच्याशिवाय पान हलत नसे.

फक्कीत चिकाटी कळते. माणूस मुलांशी कसा वागेल, ते कळत नाही. ते आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तुमच्याकडे?

एरंडेल
आमच्या मल्लखांबाला फक्की नाही, तेल. नव्या माणसाला खांब चोळायला बसवायचं. शर्टाची वाट लागल्यावरही दुसऱ्या दिवशी जो येतो तो आपला. पण गादीशी उभं राहून मुलांना धरायला कोणीही चालत नाही. कुठे धरायचं, कधी सोडायचं हे आधी शिकवावं लागतं. मोठ्या मुलींच्या बॅचला सरांनी ताईच ठेवल्या. भाषण नाही, सूचना नाही, वेळापत्रकच तसं लावलं.

मावशी_पुणे३०
चहा कोण करतं ते आधी सांगा. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे पुरुष शिट्टी फुंकणार आणि आम्ही पोहे.

एरंडेल
हाहा मावशी, आमच्याकडे पोह्यांवरूनच दोन गट पडलेत.

लेस्टरकर
घाईत लिहितोय, ट्रेनमध्ये आहे. इकडे इंग्लंडात लहान मुलांच्या क्रिकेटला नियमित मदत करायची तर डीबीएस तपासणी, म्हणजे नावावर गुन्हे आहेत का याची सरकारी पडताळणी. स्वयंसेवकाला सरकारी फी पडत नाही, पण मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते भरायचे. आम्ही भाड्याची घरं बदलत फिरलेले, बायकोला फोन करकरून पिनकोड विचारले.

क्लबात मुलांच्या सुरक्षेला वेगळी जबाबदार व्यक्ती असते. आमच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्यापुढे मुख्य कोचसुद्धा गप्प. मुलाला एकट्याला गाडीतून सोडायचं नाही, मेसेज करायचा तर आईबापांना, मुलाला नाही. आधी मलाही राग आला होता, मी काय चोर आहे का म्हणून. पण चेअरमनपासून सगळ्यांना तोच फॉर्म. मग रुसायचं कुणावर? फक्कीवाला, त्या आईंना हेच सांगा, सरसकट सगळ्यांची करा.

फक्कीवाला
पटलं. पहिला फॉर्म अध्यक्षांचा!

सोलापूरची_चटणी
इथेही होतं की. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी ऑनलाइन अर्ज करून मिळते. पण तो कागद फक्त नावावर गुन्ह्याची नोंद नाही एवढंच सांगतो. लैंगिक गुन्हेगारांची देशपातळीवरची यादी 2018 पासून आहे, ती पोलिसांना बघता येते, आपल्या मंडळाला नाही.

म्हणून आम्ही आधीच्या मैदानावर फोन करतो. एकाबद्दल विचारलं तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "खेळ चांगला आहे हो त्यांचा." मी म्हटलं, मुलांशी कसे? तर "खेळ चांगला आहे." तिसऱ्यांदाही तेच. नाही घेतलं.

आणि हो, काही घडल्याचं कळलं तर "संस्थेचं नाव जाईल" म्हणून झाकायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. पदाधिकाऱ्यांना हे वाचून दाखवावं लागतं.

दोन_वाटी_पोहे
बाप रे, "खेळ चांगला आहे" वाचून काटा आला. बरं केलंत.

सॅनहोजेची_आई
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. लेकाच्या बेसबॉलला दरवर्षी नव्याने तपासणी, मागच्या वर्षीची चालत नाही. ते ठीक. पण माणसं येत नाहीत म्हणून आमच्या लीगने डिपॉझिट ठेवलं, ठरलेले तास भरले की परत. निम्मे पालक म्हणाले, घ्या पैसे आणि आम्हाला सोडा! आधी लाजेकाजेस्तव तरी यायचे, आता पावती दाखवतात. मग एका आजोबांनी दारात उभं राहून एकेकाला विचारायला सुरुवात केली, "शनिवारी दहा ते अकरा पाणी बघाल का?" नेमकं काम, नेमकी वेळ. नाही म्हणवतच नाही. "मदत करा" म्हटलं की सगळे बुटाची लेस बांधतात.

बारावा_खेळाडू
वर कुणी पोरांनाच कामाला घेण्याबद्दल लिहिलं नाही. मी संघात कायम बारावा. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण, बाकावर बसणाऱ्याला काय? एकदा सरांनी सामन्याचं गुणपत्रक लिहायला हातात दिलं आणि समोरच्या संघाचे प्रशिक्षक भांडायला आले तेव्हा म्हणाले, "त्याला विचारा, त्याने लिहिलंय ते अंतिम." छाती एवढी फुगली! आता मी पंच आहे, रविवारी बायकोच्या शिव्या खाऊन जातो. टी-शर्ट, प्रमाणपत्र वगैरे ठीक आहे, पण पोरांना शब्दाला किंमत असलेलं काम द्या.

मावशी_पुणे३०
टी-शर्टचं नाव काढू नका. मागच्या वर्षी सगळे डबल एक्सएल आले. माझा नातू त्यात गुडघ्यापर्यंत.

एरंडेल
फक्कीवाला, फक्की अजून हातानेच टाकता का? चुना असेल तर लहान पोरांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर फार वाईट.

फक्कीवाला
हाताने नाही, चाकाचं यंत्र घेतलंय, पण रेघ वाकडीच येते. काका असते तर यंत्राला हाकलून दिलं असतं.

मावशी_पुणे३०
यंत्र कितीला पडलं? आमच्या सोसायटीला हवंय.